उतारावरची झाडं, खोदकाम आणि उशिरा येणारी दरड

तीव्र उतारावरचं मोठं झाड तोडलं की लगेच काहीच होत नाही. पहिला पावसाळा निघून जातो, दुसराही जातो, आणि जागामालकाची खात्री पटते की परवानगीच्या नावाखाली आपली उगाच अडवणूक झाली. दरड येते ती बरेचदा तीन ते दहा वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा. तोडलेल्या झाडाची मुळं कुजायला तेवढा वेळ लागतो. उतारावरच्या वृक्षतोडीचे आणि बांधकामाचे स्थानिक नियम जाचक वाटतात ते या उशिरामुळेच, कारण सगळं ठीकठाक दिसत असतानाच ते हात अडवतात.

थोडा हिशेब करू. ३५ अंशांचा उतार आहे, कातळावर दीड मीटर माती आहे आणि तिचं वजन घनमीटरला १.८ टन आहे. ही माती कातळावरून खाली सरकायला बघते तो जोर चौरस मीटरला साधारण १,३०० किलो. तिला धरून ठेवणारं घर्षण, माती कोरडी असताना, सुमारे १,२५० किलो. मातीचा स्वतःचा चिकटपणा १०० किलो धरू आणि मुळांची पकड ४०० किलो. एकूण १,७५० झाले, म्हणजे उतार आरामात उभा आहे. आता झाडं गेली आणि मुळं कुजली, तरी कोरड्या दिवसांत १,३५० उरतात. ५० किलोंवर का होईना, उतार टिकतो.

मग जोराचा पाऊस येतो आणि मातीत निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरतं. पाण्याचा दाब मातीला आतून उचलून धरतो, त्यामुळे घर्षण १,२५० वरून ९१० वर येतं. मुळं असती तर बेरीज १,४१० झाली असती. मुळांशिवाय ती १,०१० भरते आणि माती निघते. आकडे मातीगणिक बदलतील, पण गणित हेच राहतं. दोष पावसाला दिला जातो, तरी उतार हरला तो आधीच कधीतरी.

ही पकड जाड सोटमुळापेक्षा बोटाएवढ्या आणि त्याहून बारीक मुळांची असते. माती आणि कातळ यांच्या सीमेवरून ती आरपार जातात आणि ताण घेतात. १९७९ साली भू-अभियंता टिएन वू आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या प्रिन्स ऑफ वेल्स बेटावरच्या उतारांवर मुळांची ही ताकद मोजून प्रसिद्ध केली, तेव्हापासून ती उताराच्या हिशेबात आकड्यानिशी धरता येते. पण कुजताना आधी जातात तीही बारीक मुळंच. नवीन रोपाची मुळं तिथवर पोहोचेपर्यंत मधली काही वर्षं उतार रिकाम्या हाताने उभा असतो. म्हणूनच ‘एक तोडा, पाच लावा’ हा नियम सावलीसाठी ठीक असेल, उतारासाठी अपुरा आहे. पाच रोपं दुसऱ्याच जागी लावली असतील तर या उताराला त्यांचा उपयोग शून्य.

झाड खरोखरच धोकादायक असेल तर खोड जमिनीलगत कापावं, बुडखा मात्र उपटू नये. उपटल्यावर पकड त्याच दिवशी जाते आणि पाणी मुरायला तयार खड्डा मिळतो. बुडख्यातून फुटवे येणारी जात असेल तर फुटवे राखावेत, मुळं जिवंत राहतात. झाडाच्याच वजनाने उतार घसरतो, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. वजन खाली ओढतं तसं घर्षणही वाढवतं, त्यामुळे बहुतेक उतारांवर त्याचा फरक किरकोळ असतो. उलट बाजूही सांगायला हवी: घसरणीचा थर पाच-सहा मीटर खोल असेल तर मुळं तिथवर पोहोचतच नाहीत, आणि झाडं राखूनही तो उतार वाचत नाही.

नियम लागू होतो की नाही हे उताराच्या मोजणीवर ठरतं आणि घोळ तिथेच सुरू होतो. टक्के म्हणजे उभी उंची भागिले आडवं अंतर, गुणिले शंभर. १:५ चा उतार म्हणजे २० टक्के, सुमारे ११ अंश. १०० टक्के म्हणजे ४५ अंश. टेप जमिनीलगत तिरकी धरली की उतार कमी भरतो: ३० अंशांचा उतार ५८ टक्क्यांऐवजी ५० दिसतो. टेप आडवी ताणून ओळंबा सोडावा, किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी घ्यावी. दुसरी चूक सरासरीची. ६० मीटर लांब प्लॉटमध्ये ५० मीटर भाग १० टक्के उताराचा आणि १० मीटर भाग ६० टक्क्यांचा असेल, तर सरासरी येते फक्त १८ टक्के. नियमाची मर्यादा समजा २० टक्के असेल, तर ती कागदावर पाळली जाते आणि घर नेमकं त्या टप्प्याच्या काठावर येतं. म्हणून नियमात ‘कमाल उतार’ आणि तो किती लांबीवर मोजायचा, हे दोन्ही लिहिलेलं हवं.

बांधकामात जागा सपाट करायला वरून खोदतात आणि तीच माती खाली ढकलून भराव करतात. खोदकाम वरच्या मातीचा पायथा काढून घेतं, भराव खालच्या उतारावर ओझं टाकतो. दोन्हींत भराव जास्त फसवा. हाँगकाँगमध्ये १८ जून १९७२ रोजी साउ माउ पिंग इथे नुसताच ओतलेला सैल भराव पावसात चिखल होऊन कोसळला आणि ७१ माणसं गेली. १९७६ मध्ये तिथेच पुन्हा १८ मृत्यू झाले, त्यानंतर १९७७ साली उतारांवर नजर ठेवणारं वेगळं सरकारी कार्यालय उभं राहिलं. भराव टाकण्याआधी गवत आणि वरची भुसभुशीत माती काढायची, मूळ जमिनीत आडव्या पायऱ्या कापायच्या, वीसेक सेंटिमीटरचे थर देत प्रत्येक थर ओलसर ठेवून रोलरने दाबायचा. गवतावरच भराव टाकला तर ते कुजून मऊ थर होतो आणि घसरण्याची वाट तिथेच तयार होते.

आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत (इंटरनॅशनल बिल्डिंग कोड, अमेरिकेत तयार झालेली नमुना नियमावली) १:३ पेक्षा तीव्र उताराजवळ घर किती लांब असावं याचा सर्वसाधारण हिशेब दिला आहे. पायथ्याशी असेल तर उताराच्या उंचीच्या निम्मं अंतर, फार तर ४.६ मीटर. माथ्यावर असेल तर पायाच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंत उंचीच्या एक तृतीयांश, फार तर १२ मीटर.

अशा नियमांनी काही साधतं का? लॉस एंजेलिसने १९५२ साली खोदकाम-भरावाचे नियम आणले आणि १९६३ मध्ये ते कडक करून भूवैज्ञानिक आणि मृदा अभियंता, दोघांचाही सहभाग सक्तीचा केला. १९६९ च्या अतिवृष्टीनंतर टेकड्यांवरच्या जागांची मोजदाद झाली. १९५२ पूर्वीच्या जागांपैकी सुमारे १० टक्के ठिकाणी नुकसान झालं होतं, १९५२ ते १९६२ मधल्या १.३ टक्के ठिकाणी, आणि १९६३ नंतरच्या जागांत ०.१५ टक्के ठिकाणी. टेकड्या त्याच होत्या, पाऊसही तोच.

नियमावलीत सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते पाणी. १०० चौरस मीटर छतावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी पन्हळीतून एकाच ठिकाणी पडतं. ते बंद पाइपातून थेट गटारापर्यंत न्यायला हवं. उतारावर मोकळं सोडलं की घळ पडते. शोषखड्डा त्याहून वाईट, कारण तो उन्हाळ्यातही रोज माती भिजवत असतो. तीव्र उताराच्या माथ्यावर तो नकोच.

संरक्षक भिंतीचंही तेच. तीन मीटर उंच भिंतीमागे पाणी साठून राहिलं तर नुसत्या पाण्याचा रेटा भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साडेचार टनांचा असतो. म्हणून भिंतीत निचऱ्याची छिद्रं ठेवतात आणि मागे खडीचा थर आणि गाळणीचं कापड देतात. कापड नसेल तर छिद्रं मातीने बुजतात, नाहीतर त्यांतून मातीच वाहून जाते. संततधार पावसातही एकाही छिद्रातून पाणी येत नसेल, तर भिंत कोरडी आहे असं समजून निर्धास्त होऊ नये. छिद्रांत सळई घालून ती मोकळी करून घ्यावीत, आणि भिंतीला फुगवटा किंवा वरच्या जमिनीत आडवी भेग दिसली तर खालच्या घरांना आधी सांगावं, अभियंत्याला नंतर.