टॉरिक कोड: क्वांटम दुरुस्तीमागची पार्श्वभूमी
पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्यांचे अवयव झपाट्याने पाडणारी क्वांटम रीत मांडली, तेव्हा खरा आक्षेप यंत्रावर होता. क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा मूळ घटक, जराशा गोंगाटाने बिघडतो. साध्या संगणकात माहितीच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेता येते. क्वांटम अवस्थेची नक्कल करताच येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झाले होते. शिवाय मोजायला जावे, तर ती मोडते. वाट काढली ती पुन्हा शोर यांनीच. १९९५ मध्ये त्यांनी एका क्यूबिटची माहिती नऊ क्यूबिटांत गुंफली. त्यांचे आपसांतले नाते तेवढे तपासायचे. चूक कळते, माहिती शाबूत राहते.

पदार्थविज्ञानात याच्याशी जुळणारी गोष्ट आधीच घडत होती, आणि मला ती जास्त विलक्षण वाटते. १९८२ मध्ये बेल लॅब्सच्या त्सुई, श्टोर्मर आणि गोसार्ड यांना अतिथंड इलेक्ट्रॉनांच्या पातळ थरात अपूर्णांकी क्वांटम हॉल परिणाम (चुंबकीय क्षेत्रात विद्युतवहनाचे माप अपूर्णांकी टप्प्यांवर स्थिरावणे) दिसला. पदार्थाच्या अवस्था सममितीवरून ओळखण्याच्या जुन्या वर्गीकरणात ही अवस्था बसेना. शियाओ-गांग वेन यांनी १९९० च्या सुमारास दाखवले, की तिची ओळख साऱ्या थरात विखुरलेली असते. एखाद्या कोपऱ्यात कितीही निरखले तरी ती सापडत नाही. अशा अवस्थेला टोपोलॉजिकल म्हणतात.

हे दोन्ही धागे १९९७ मध्ये रशियातल्या लान्डाउ इन्स्टिट्यूटच्या अलेक्सेई किताएव यांनी जोडले. त्यांच्या टॉरिक कोडसाठी मेदूवड्याच्या, म्हणजे टोरसच्या, पृष्ठभागावर चौकटींची जाळी कल्पा. जाळीच्या प्रत्येक कडेवर एक क्यूबिट. प्रत्येक चौकटीची आणि प्रत्येक सांध्याची तपासणी चार-चार क्यूबिटांची. बिघाड झाला की तपासणी फसते आणि तिथे ‘एनिऑन’ नावाच्या कणांची जोडी उमटते. जोडी जवळच्या वाटेने पुन्हा एकत्र आणली की चूक पुसली जाते. कण भोकाला वळसा घालून आला, तरच माहिती बदलते. म्हणजे दुरुस्तीचा कोड हीच पदार्थाची टोपोलॉजिकल अवस्था होती. पुढच्याच वर्षी ब्राव्ही आणि किताएव यांनी तो सपाट जाळीवर बसवला. तोच सरफेस कोड.

२०२४ मध्ये गूगलच्या ‘विलो’ या क्वांटम चिपवर या कोडचे अंतर (माहिती नकळत बदलायला किमान किती क्यूबिट बिघडावे लागतात, तो आकडा) ३ वरून ५, ५ वरून ७ असे वाढवत नेले, तेव्हा दर टप्प्याला चुकांचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. पदार्थाने स्वतःच माहिती जपावी, ही किताएव यांची मूळ आशा मात्र द्विमितीत पुरी होत नाही: तापमान शून्याहून जरा जरी वर असले, तरी एनिऑन आपोआप उमटतात आणि भटकतात. म्हणून विलोवर साधारण दर मायक्रोसेकंदाला नव्याने तपासणी करावी लागते.