ओठांसमोरचा धडा फोनवर आला तेव्हा

२ मार्च २०२० ला इंडोनेशियात कोरोनाचे पहिले रुग्ण जाहीर झाले. २४ मार्चला शिक्षणमंत्री नादिम मकारिम यांनी परिपत्रक काढून त्या वर्षीची राष्ट्रीय परीक्षाच रद्द केली आणि शाळा घरात आली. अडचण सगळ्याच शिक्षकांची झाली, पण इस्लाम धर्मशिक्षण शिकवणाऱ्यांची वेगळी होती. ती समजायला मागे जावं लागतं.

तिथे शाळेत धर्म हा विषय ऐच्छिक नाही. १९६५ मध्ये कम्युनिस्टांविरुद्ध झालेल्या रक्तपातानंतर, १९६६ मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रतिनिधीसभेच्या ठरावाने तो प्राथमिक शाळेपासून सरकारी विद्यापीठापर्यंत सक्तीचा झाला. २००३ च्या शिक्षण कायद्याने मुलाला आपल्याच धर्माच्या शिक्षकाकडून तो शिकण्याचा हक्क दिला.

इस्लामच्या धड्यांतले नमाजाचे नियम, पैगंबरांचं चरित्र पीडीएफमध्ये, व्हिडिओत सहज मावतं. कुराणपठण मावत नाही. मूल ओळ म्हणतं, गुरुजी त्याचे ओठ, जीभ पाहतात आणि चुकलं की तिथल्या तिथे थांबवतात. अरबीतल्या 'ऐन' या अक्षराचा उच्चार घशातून काढायचा असतो. जावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी त्याचा 'ङ' होतो, कुराणाच्या पहिल्याच अध्यायातल्या 'आलमीन'चं 'ङालमीन'. ही चूक नुसतं पुस्तक वाचून सुधारत नाही.

ही पद्धत फोन येण्याआधीही बदलत होतीच. १९६१ मध्ये इजिप्तचे कुराणपठणकार महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात अख्खं कुराण ध्वनिमुद्रित झालं. १९८० च्या दशकाअखेरीस जावातल्या योग्याकार्ता शहराच्या कोतागेदे भागात असअद हुमाम यांनी 'इक्रो' ही सहा पुस्तिकांची मालिका काढली. अक्षरांची नावं घोकत बसायचं नाही, थेट उच्चार वाचायचा. इंडोनेशियाभर मुलं त्यावर शिकली. म्हणून 'धर्मशिक्षक नव्याला बिचकतात' असं कोणी म्हणालं, तर ते मला अन्यायाचं वाटतं.

२०२० मध्ये हाताशी होतं व्हॉट्सॲप. मूल आयत, म्हणजे कुराणातली ओळ, म्हणायचं आणि तिची व्हॉइस नोट धाडायचं, शिक्षक एकेक ऐकून उत्तर द्यायचे. आवाज पोचायचा, जीभ दिसायची नाही. आणि चूक कळवेपर्यंत मुलाने ती चारदा घोटलेली असायची. १३ एप्रिलपासून सरकारी वाहिनीवर 'घरून शिका' कार्यक्रम सुरू झाला, पण टीव्हीला मुलाचं पठण कसं ऐकू येणार? सप्टेंबरपासून सरकारने विद्यार्थ्याला महिन्याला ३५ जीबी, शिक्षकाला ४२ जीबी डेटा दिला. जिथे टॉवरच नाही तिथे त्याचा उपयोग नव्हता. जिथे होता, तिथे एकेका मुलाला व्हिडिओ कॉल लावता आला, आणि धडा सुरू करण्याआधी सांगता आलं : फोन तोंडासमोर धर.