चिकणमातीवरील डांबरी ड्राइव्हवेची निगा आणि दुरुस्ती

सार्वजनिक रस्त्यापासून घराच्या किंवा गॅरेजच्या दारापर्यंत गाडी नेण्यासाठी केलेला खासगी मार्ग म्हणजे ड्राइव्हवे. डांबरी ड्राइव्हवेची रचना मोठ्या रस्त्यासारखीच असते : तळाला दाबलेली जमीन, तिच्यावर खडीचा थर आणि सर्वांत वर खडी, कच व बिटुमेन (दगड एकत्र धरून ठेवणारा काळा, चिकट पदार्थ) यांच्या गरम मिश्रणाचा थर. वरच्या मिश्रणात वजनाने सुमारे ९५% दगड असतो, बिटुमेन फक्त ५ ते ६%. मोठ्या रस्त्यापेक्षा इथे वाहने फार थोडी चालतात, पण ती तासन्‌तास एकाच जागी उभी राहतात आणि थर पातळ असल्याने खालच्या जमिनीची प्रत्येक हालचाल वर उमटते. पाऊस भरपूर, हवा दमट आणि खाली चिकणमाती असेल, तर ड्राइव्हवे किती वर्षे टिकणार हे डांबरापेक्षा जमिनीत मुरणाऱ्या पाण्यावर ठरते. अशा प्रदेशांत देखभालीचा मोठा भाग पाणी दूर ठेवण्याचा असतो, आणि नेमके तेच सोडून दर दोन वर्षांनी वरून सीलकोट नावाचा काळा रंग फासला जातो.

जमिनीचा स्वभाव

सगळी चिकणमाती सारखी नसते. मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे सूक्ष्म पापुद्रे एकमेकांना सैल धरून असतात. त्यांच्या मधल्या जागेत पाणी शिरले की माती फुगते आणि वाळली की आक्रसून तिला रुंद भेगा पडतात. केओलिनाइटचे पापुद्रे घट्ट जोडलेले असल्याने ती माती फारशी फुगत नाही, मात्र भिजल्यावर मऊ पडते. दख्खनची काळी माती, अमेरिकेतील ह्यूस्टनच्या आसपासची माती आणि मिसिसिपी राज्यात जॅक्सनजवळ सापडणारी याझू चिकणमाती या पहिल्या प्रकारात मोडतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातील पीडमाँट पट्ट्याची तांबडी माती बरीचशी दुसऱ्या प्रकारची आहे. पहिल्या प्रकारावर ड्राइव्हवे वर-खाली होतो आणि कडेने लांबच लांब चिरतो. दुसऱ्यावर तो चाकांच्या रेषेत खचतो. दुखणे वेगळे असल्याने उपायही वेगळे लागतात.

माती किती चिकट आहे हे मोजण्याची पद्धत स्वीडनचे अल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ मध्ये मांडली. ओल्या मातीची वळी तळहाताखाली वळत न्यायची. ती साधारण ३ मिमी जाडीला येऊन तुटू लागते, तेव्हा मातीत जेवढे पाणी असते ती तिची आकार्यता मर्यादा. माती ओघळू लागते ती द्रव मर्यादा. या दोहोंतला फरक म्हणजे आकार्यता निर्देशांक. तो ३५ च्या वर असेल तर माती जोरदार फुगणारी समजावी. माती भार किती पेलते हे सीबीआर चाचणीतून, प्रमाण मानलेल्या खडीच्या तुलनेत टक्क्यांत, कळते. त्यासाठी नमुना चार दिवस पाण्यात ठेवतात. अशा भिजलेल्या चिकणमातीचा सीबीआर बहुधा २ ते ३% भरतो, तर चांगल्या फोडलेल्या खडीचा ८०% च्या पुढे जातो. खडीचा थर जाड का हवा, हे या दोन आकड्यांवरूनच लक्षात येते. घट्ट मुरमाड जमिनीवर १५० मिमी खडी पुरते. चिकणमातीवर २०० ते ३०० मिमी लागते आणि तिच्यावर ५० ते ७५ मिमी डांबरी थर येतो.

बिघाड कसा होतो

डांबराने झाकलेल्या जमिनीतून बाष्प उडून जाऊ शकत नाही, म्हणून मधल्या भागातील माती काही वर्षांत जवळपास कायम ओलसर होऊन स्थिरावते. कडेची माती मात्र उघडी असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मधला भाग जागच्या जागी आणि कडा खाली-वर, अशा ओढाताणीत कडेपासून थोड्या आत, कडेला समांतर भेग पडते. जवळ मोठे झाड असेल तर कोरड्या दिवसांत मुळे आणखी पाणी ओढतात आणि त्या बाजूची भेग जास्त रुंदावते. ‘मुळांनी डांबर उचकटले’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते, पण फुगणाऱ्या मातीत झाडामुळे जमीन खचण्याचे प्रमाणही कमी नसते.

भेगेतून पाणी खाली गेले की खरा बिघाड सुरू होतो. खडीच्या थरात साचलेले पाणी चिकणमातीला मऊ करते. वरून चाक गेले की पाण्यावर दाब येतो आणि ते मातीचे बारीक कण घेऊन भेगेतून वर उसळते. पावसानंतर भेगेच्या दोन्ही बाजूंना वाळलेल्या चिखलाची फिकट किनार दिसली, तर खालची माती वर येते आहे असे खुशाल समजावे. अशी भेग वरून बुजवून काही साधत नाही, कारण खाली पोकळी झालेली असते. दुसरीकडे चिखल खडीतही घुसतो. खडीचे दगड एकमेकांवर टेकायचे सोडून चिखलात तरंगू लागतात आणि थराची ताकद जाते. जाडीने पुरेसा वाटणारा थर काही वर्षांत निकामी होतो तो यामुळे.

दमट हवेत आणखी एक नासाडी होते. पाणी दगड आणि बिटुमेन यांच्या मध्ये शिरते आणि बिटुमेनचा लेप दगडावरून सुटू लागतो. ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट यांसारख्या सिलिकायुक्त दगडांना बिटुमेनपेक्षा पाणी अधिक प्रिय, म्हणून त्यांच्यावर हे लवकर घडते. चुनखडी किंवा बेसाल्ट तुलनेने बरे टिकतात. मिश्रणात १ ते १.५% विरलेला चुना घातला तर लेप अधिक घट्ट धरतो. दबाई कच्ची राहिली असेल तर मात्र कशाचाच उपयोग होत नाही. थरातील हवेच्या पोकळ्या ८% च्या वर राहिल्या की त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि थर गाळणीगत पाणी सोडू लागतो.

पाण्याची वाट

ड्राइव्हवेला निदान २% उतार हवा, म्हणजे एका मीटरला २ सेंटिमीटर. तो घराकडे असता कामा नये; तसा करणे भागच असेल तर पायथ्याला जाळीचे आडवे गटार घालावे. कडेची माती डांबराच्या पातळीपेक्षा थोडी खाली असावी. प्रत्यक्षात हिरवळ आणि पाला कुजून ती दरवर्षी चढत जाते आणि कडेला नकळत बांध तयार होतो. फावड्याने ती तासून उतार मोकळा करण्याचे काम कंटाळवाणे, पण महागड्या सीलकोटपेक्षा गुणकारी.

छपराचे पाणी हा सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार. पन्हळीचा पाइप ड्राइव्हवेच्या कडेला सोडलेला असतो आणि प्रत्येक पावसात अख्ख्या छपराचे पाणी एकाच ठिकाणी मुरते. तो पाइप निदान दीड ते तीन मीटर लांब न्यावा किंवा बंद नळाने थेट उताराच्या खाली सोडावा. वरच्या अंगाने जमिनीतून पाझर येत असेल, तर कडेने चर खणून त्यात पाणी झिरपू देणारे पण माती अडवणारे जिओटेक्स्टाइल कापड, छिद्रांचा नळ आणि धुतलेली खडी घालतात. चराचा तळ ड्राइव्हवेच्या खडीथरापेक्षा खाली असला पाहिजे, आणि नळाचे तोंड उघड्यावर निघाले पाहिजे. तोंड न काढलेला चर म्हणजे चिकणमातीत खणलेली टाकीच.

तपासणी

पाहणीची उत्तम वेळ म्हणजे पाऊस थांबून ऊन पडल्यानंतरचा अर्धा तास. पृष्ठभाग झपाट्याने सुकतो, पण भेगांत पाणी असल्याने त्यांच्या रेषा काळ्या राहतात. एरवी डोळ्यांना न दिसणारी केसासारखी चीरही तेव्हा स्पष्ट दिसते. दुसऱ्या दिवशीही जिथे डबके उरले असेल तिथे खडूने कड आखून ठेवावी. पुढच्या पावसात डबके खडूच्या बाहेर गेले, तर जमीन अजून खचते आहे.

भेगा बुजवणे

३ मिमीपेक्षा बारीक भेगा सीलकोटने झाकल्या जातात. ३ ते २५ मिमीपर्यंतच्या भेगा रबरमिश्रित सीलंटने भराव्यात. गरम ओतायचे सीलंट सुमारे १८० ते २०० अंश सेल्सियसला वापरतात आणि ते टिकते जास्त. बाटलीतून थंड ओतायचे सोपे, पण ते आकसते म्हणून दोनदा भरावे लागते. आधी गवत मुळासकट काढून, तारेच्या ब्रशने घासून, दाबाच्या हवेने भेग साफ करतात. ती वरून कोरडी दिसली तरी आतून ओली असते, आणि ओल्या भिंतींना सीलंट चिकटत नाही. दमट प्रदेशात फसलेल्या दुरुस्त्यांचे हे पहिले कारण म्हणता येईल. खोल भेगेत आधी फोमची दोरी दाबून बसवावी, म्हणजे सीलंट खाली वाहून जात नाही.

फुगणाऱ्या मातीवर हंगामही पाहावा लागतो. ऐन उन्हाळ्यात भेग सर्वांत रुंद असते. तेव्हा भरलेले सीलंट पावसात माती फुगल्यावर वर ढकलले जाते आणि चाकाला चिकटून निघते. भर पावसाळ्यात अरुंद भेगेत भरलेले पुढच्या उन्हाळ्यात ताणून फाटते. म्हणून पावसाळा संपल्यावर, माती मध्यम ओलीची असताना हे काम करावे.

खड्डे आणि जाळीदार भेगा

मगरीच्या पाठीसारख्या चौकटी पडल्या असतील, तर तो भाग खालून गेलेला असतो. त्यावर सीलंट ओतणे म्हणजे पैसे वाया. भाग चांगल्या डांबरापर्यंत, चारही बाजूंनी ३० सेंटिमीटर जास्त धरून, सरळ रेषेत कापावा. कडा उभ्या असाव्यात. उतरत्या कडेचे पातळ टोक चाकाखाली तुटते. चिखल झालेली खडी आणि मऊ माती पूर्ण काढून, जिओटेक्स्टाइल अंथरून, नवी खडी १०० ते १५० मिमीच्या थरांत धुम्मसाने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबतात. खड्ड्याच्या उभ्या कडांना इमल्शन (पाण्यात मिसळलेले पातळ बिटुमेन) लावून मग डांबरी मिश्रण भरायचे, तेही ५० ते ७५ मिमीच्या थरांत. शेवटचा थर भोवतालच्या पातळीपेक्षा किंचित उंच ठेवला की वाहतुकीने तो बसतो.

गरम मिश्रण साधारण १३५ ते १६० अंशांना पसरतात आणि सुमारे ८० अंशांपर्यंत निवण्याआधी दबाई संपवावी लागते. पातळ थर फार लवकर निवतो, म्हणून रोलर येण्याची वाट पाहत मिश्रण ट्रॉलीत ठेवणारा ठेकेदार काम बिघडवतो. थंड मिश्रण पावसाळ्यात तातडीने वापरण्यापुरते ठीक आहे. त्यातील द्रावक उडून गेल्यावरच ते घट्ट होते आणि दमट हवेत त्याला आठवडे लागू शकतात.

सीलकोट

सीलकोट बिटुमेनला ऊन, पाणी आणि सांडलेल्या इंधनापासून थोडेफार वाचवतो. ताकद मात्र काडीचीही वाढवत नाही. नव्या डांबरावर सहा महिने ते वर्षभर थांबून आणि त्यानंतर ३ ते ५ वर्षांनी एकदा तो पुरतो. वारंवार दिलेले थर जाड होऊन पापुद्र्यांनी सुटतात. इमल्शन लावताना तपकिरी असते आणि त्यातले पाणी सुटले की काळे होते. हवा दमट असेल तर हा बदल रेंगाळतो, म्हणून कोरड्या दिवशी सकाळी काम सुरू करावे, म्हणजे पुढे दिवसभराचे ऊन मिळते, आणि गाडी निदान २४ ते ४८ तास बाहेर ठेवावी. झाडाच्या सावलीतला भाग सर्वांत उशिरा सुकतो आणि बहुतेक चाकांचे ठसे तिथेच उमटलेले असतात.

कोलटारच्या (दगडी कोळशापासून मिळणाऱ्या डांबराच्या) सीलकोटवर इंधनाचा डाग कमी पडतो, परंतु त्यात बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन्स ही घातक रसायने बिटुमेनच्या सीलकोटपेक्षा सुमारे हजारपट असतात आणि झिजलेली धूळ पावसाने ओढ्यांत जाते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने यावर अभ्यास केला असून टेक्सासमधील ऑस्टिन शहराने २००६ मध्ये कोलटारच्या सीलकोटवर बंदी घातली. बिटुमेनचे इमल्शन मिळत असेल तर कोलटारकडे वळण्याचे कारण नाही.

सावलीत वाढणारे शेवाळ मऊ ब्रशने आणि सौम्य ब्लीचने काढावे. प्रेशर वॉशरचा झोत जवळून मारला की बारीक कच उखडते आणि पृष्ठभाग खडबडीत होऊन शेवाळाला आणखी थारा मिळतो.

नवा थर की पुन्हा बांधणी

जुन्या डांबरावर नवा थर टाकला तर खालच्या भेगा एक-दोन ऋतूंत वर उमटतात. पायाच सुटला असेल तर सगळे उकरणे खरे. फुगणाऱ्या मातीत तेव्हा ३ ते ६% चुना मिसळतात : कॅल्शियमचे आयन मातीच्या कणांना गाठीत बांधतात, तिची चिकटता घटते आणि पुढे काही महिने घट्टपणा वाढत राहतो. चुना मिसळून, पाणी घालून माती एक-दोन दिवस तशीच मुरवत ठेवतात, पुन्हा उलथून मग दाबतात. मातीत सल्फेट जास्त असेल तर मात्र चुन्याशी संयोग होऊन एट्रिंगाइट हे फुगणारे खनिज तयार होते आणि जमीन आधीपेक्षा जास्त फुगते. म्हणून चुना मागवण्याआधी मातीची सल्फेट चाचणी करून घेतात.