क्लेअर्स लॉ म्हणजे गुन्हेगारांची जाहीर यादी नव्हे

बायकोला मारझोड करणाऱ्यांची नावं जाहीर करा, अशी मागणी झाली की इंग्लंडच्या ‘क्लेअर्स लॉ’चा, म्हणजे जोडीदाराचा हिंसक इतिहास पोलिसांना विचारण्याच्या सोयीचा, दाखला हमखास दिला जातो. पण त्या कायद्यात यादी नाहीच. यादी आहे ती अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, जानेवारी २०२६ पासून. घरगुती हिंसाचारात एकाहून अधिक वेळा दोषी ठरलेल्याचं नाव आणि फोटो तिथे संकेतस्थळावर टाकतात. ते कुणालाही पाहता येतं.

क्लेअर वुड या तरुणीचा २००९ साली सॅल्फर्डमध्ये तिच्या माजी जोडीदाराने खून केला. बायकांशी हिंसेने वागल्याचा त्याचा इतिहास पोलिसांकडे होता, तिला मात्र त्याची पुरती कल्पना नव्हती. तिच्या वडिलांनी लढा दिला आणि मार्च २०१४ मध्ये तिच्या नावाने ओळखली जाणारी ही योजना इंग्लंड-वेल्सभर लागू झाली. जोडीदाराबद्दल शंका आली की पोलिसांना विचारायचं. आई, बहीण, मैत्रीणही अर्ज करू शकते, पण माहिती मिळते जिला धोका आहे तिला, किंवा तिला वाचवू शकेल अशा माणसाला. समोर बसवून तोंडी सांगतात, कागद हातात देत नाहीत आणि माहिती गुप्त ठेवण्याची हमी घेतात. कधी कुणी न विचारताही पोलीस स्वतःहून सावध करतात.

माझ्या लेखी खरा फरक पुढे आहे. टेनेसीत नाव चढायला कोर्टाची शिक्षा लागते, तीही पुन्हा झालेली. इंग्लंडचे पोलीस जुन्या तक्रारी, अटक, न टिकलेले खटलेही विचारात घेतात. मुलांपायी, घरभाड्यापायी किती बायका तक्रार मागे घेतात! त्यांना मारणारा यादीत कधीच येत नाही, पोलिसांच्या नोंदीत मात्र राहतो. उलट यादीला अर्ज लागत नाही, वाट पाहावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. दोन्हींपैकी कशानेही शिक्षा मात्र वाढत नाही. तो वेगळा विषय आहे.

ब्रिटनमध्ये नांदणाऱ्या आपल्या मुलींनाही हा हक्क आहे, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक हवं. पोलिसांकडे सांगण्यासारखं काही निघालं नाही, तरी माणूस निर्धोक ठरत नाही.

भारतात २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही सुरू झाली, पण ती फक्त पोलिसांसाठी. घरगुती हिंसाचारासाठी तशी जाहीर यादीही नाही आणि पोलिसांना विचारण्याची योजनाही नाही. स्थळ पाहताना ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो, अर्थात तो दाखल झाला असेल आणि कोर्ट माहीत असेल तर.