कानातला आवाज आणि त्याची धास्ती : टिनिटसवरील उपचारांची पार्श्वभूमी

एखाद्या रात्री कानात बारीक शिटी वाजू लागते, किंवा रातकिड्यांसारखी किरकिर सुरू होते आणि सकाळ झाली तरी थांबत नाही. बाहेर काहीच वाजत नसताना कानात ऐकू येणाऱ्या या आवाजालाच टिनिटस म्हणतात. ज्याच्यावर ही वेळ पहिल्यांदाच येते तो दोन प्रश्न विचारतो : हे कधी जाणार, आणि गेलेच नाही तर मी कसे जगायचे? वैद्यकाने शतकानुशतके आपली सारी शक्ती पहिल्या प्रश्नामागे लावली. दुसऱ्याकडे नीट लक्ष गेले ते जेमतेम गेल्या चार दशकांत. आज नव्या रुग्णाला 'आवाजाशी झगडू नका, अगदी निःशब्द खोलीत झोपू नका' असे सांगितले जाते, त्यामागे ही सगळी वाटचाल आहे, आणि ती ठाऊक असली म्हणजे तो सल्ला टोलवाटोलवीचा वाटत नाही.

आपल्याकडे ही व्याधी फार पूर्वीपासून नावानिशी ओळखली गेली. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले आहेत आणि कानात नाद होणे हा त्यांतलाच एक. माधवनिदानात भेरी, मृदंग, शंख यांसारखे निरनिराळे आवाज ऐकू येतात तो कर्णनाद आणि वेणूसारखा स्वर येतो तो कर्णक्ष्वेड, असा भेदही केला आहे. कारण वातप्रकोपाचे मानले गेले आणि त्याला धरून कानात औषधी तेल घालण्याचा उपचार आला. रुग्णाला नेमका कसा आवाज येतो हे विचारून घेण्याची ही पद्धत मला महत्त्वाची वाटते, कारण आजची तपासणीही त्याच प्रश्नाने सुरू होते.

युरोपातही तेलच होते. २९ जून १८०१ रोजी संगीतकार बेटहोव्हेनने आपला डॉक्टर मित्र वेगेलर याला लिहिलेल्या पत्रात कान रात्रंदिवस गुणगुणत असल्याचे आणि ऐकू येत नाही हे लोकांना सांगता येत नसल्यामुळे आपण माणसांत जाणे टाळत असल्याचे कळवले आहे; बदामाच्या तेलाचा उपचार निष्फळ ठरल्याचेही त्याच पत्रात आहे. तेव्हा तो ३० वर्षांचा होता.

खरी नवी दिशा दाखवली ती पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतील डॉक्टर ज्याँ मार्क गास्पार इतार यांनी. १८२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्णरोगांवरील ग्रंथात त्यांनी कानातला आवाज बाहेरच्या आवाजाने झाकण्याचा उपाय सांगितला. ज्याच्या कानात घोंघावते त्याने धडधडत्या शेकोटीजवळ बसावे. ज्याच्या कानात शिटी वाजते त्याने त्या विस्तवात ओले लाकूड घालावे, कारण ओले लाकूड जळताना तसाच सूं सूं आवाज करते. आणि फारच त्रास असेल तर पाणचक्कीजवळ राहायला जावे. शेकोटीतले लाकूडसुद्धा रुग्णाच्या कानातला स्वर पाहून निवडणारा हा डॉक्टर आजच्या ध्वनिउपचाराचा पूर्वज ठरतो.

पुढची दीडशे वर्षे मात्र आवाज मुळासकट उपटण्याच्या प्रयत्नांत गेली. १९३५ मध्ये कर्णतज्ज्ञ रॉबर्ट बारानी यांना स्थानिक भूल देणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनाने आवाज थांबतो असे आढळले, पण परिणाम तेवढ्यापुरताच राहिला. श्रवणाची नस कापूनही कित्येकांचा आवाज कायम राहिला, आणि त्यातून एक मोठी गोष्ट हळूहळू उमगली : आवाजाचा उगम कानातल्या इजेत असला, तरी तो टिकवून धरणारे काम मेंदूत चालते. कानाकडून येणारे संकेत कमी झाले की मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि एरवी दबून राहणारी आपलीच हालचाल त्याला स्वर म्हणून ऐकू येऊ लागते. हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी १९५३ मध्ये ऐकण्याचा कोणताही त्रास नसलेल्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांतील ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. नव्या रुग्णाला मी सर्वांत आधी हाच प्रयोग सांगेन.

१९७० च्या दशकात इतार यांची कल्पना पुन्हा जागी झाली. ओरेगॉनमधील श्रवणसंशोधक जॅक व्हर्नन आणि स्वतः तीव्र टिनिटसने हैराण झालेले कॅलिफोर्नियाचे डॉक्टर चार्ल्स युनिस पोर्टलंडमध्ये एका कारंज्याजवळून जात होते. युनिस तिथे थांबले आणि हलेनात, कारण पाण्याच्या आवाजात त्यांच्या कानातला आवाज बुडून गेला होता. त्यातून व्हर्नन यांनी कानात घालायचे आवाज झाकणारे यंत्र विकसित केले. यंत्र चालू असेपर्यंत अनेकांना आराम मिळे. ते काढले की आवाज पुन्हा तिथेच असे.

मग विचारच पालटला. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हॅलम आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये असे मांडले की सततच्या, निरर्थक आवाजाची सवय होणे हा मज्जासंस्थेचा स्वभावच आहे. तेव्हा ती कोणाला होते यापेक्षा ती कोणाची आणि कशामुळे अडते, हे शोधले पाहिजे. रेल्वेरुळांलगतच्या चाळीत राहणारा माणूस लोकलच्या धडधडाटात झोपतो आणि पाळण्यातले बाळ जरासे कण्हले तरी जागा होतो, कारण मेंदू आवाजाचा मोठेपणा पाहत नाही, त्याचा अर्थ पाहतो. मज्जाशास्त्रज्ञ पावेल यास्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये याला मज्जाशास्त्रीय बैठक दिली आणि १९९३ मध्ये जोनाथन हेझेल यांच्यासह त्यावर आधारित उपचार मांडला. आवाजाला धोक्याची खूण मानले की भीती जागी होते, भीतीमुळे कान टवकारले जातात, आणि टवकारलेल्या कानांना तो आणखी ठळक ऐकू येतो. हे चक्र समजावून सांगायचे आणि जोडीला बाहेरचा मंद आवाज ठेवायचा, पण तो आतल्या आवाजाला पूर्ण बुडवील इतका मोठा नको, कारण जे ऐकूच येत नाही त्याची सवय होऊ शकत नाही.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी सहा महिने वा अधिक टिकलेल्या टिनिटसला चिरकालीन ठरवले, औषधे सरसकट देण्याची, तसेच जिंको (एका झाडाचा अर्क) किंवा झिंकच्या गोळ्यांची शिफारस नाकारली आणि विचार व वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती सुचवली. अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यातही याच पद्धतीमुळे जगण्यावरचा ताण कमी होत असल्याचे दिसले. सहा महिन्यांची ही रेषा नव्या रुग्णासाठी फार मोलाची आहे, कारण तिच्या अलीकडे अनेकांचा आवाज विरतो किंवा खुपेनासा होतो. नेमक्या याच काळात 'याला उपाय नाही, असेच राहणार' हे वाक्य ऐकवणे मला अन्यायाचे वाटते. ते भीतीचे चक्र स्वतःच्या हाताने फिरवून देते.

एक सावधगिरी मात्र याच सुरुवातीच्या काळातली आहे. आवाजासोबत ऐकू येणे अचानक कमी झाले असेल, आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे, कारण अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांतच अधिक उपयोगी पडतो. बाकीच्यांना श्रवणचाचणी करून घेऊन, कानात साचलेला मळ काढून घेऊन घरी परतता येते. थंडीत पंखा बंद झाला की कानातली शिटी एकाएकी मोठी वाटू लागते. त्या रात्री मोबाइलवर पावसाचा किंवा नदीचा आवाज, शिटीपेक्षा किंचित हळू, उशापासून थोडा दूर लावून ठेवावा.