एल्मिना कोणता आणि केप कोस्ट कोणता?

घानाच्या मार्गदर्शित सहलीत आक्रा सोडून पश्चिमेकडे निघाले की सुमारे दीडशे किलोमीटरवर केप कोस्टचा किल्ला लागतो आणि तेथून जेमतेम बारा-तेरा किलोमीटर पुढे एल्मिनाचा. दोन्ही किल्ले पांढरे, दोन्ही अटलांटिकच्या काठावर, दोन्हीकडे गुलामांच्या अंधारकोठड्या आणि समुद्राकडे उघडणारे ‘न परतीचे दार’. युनेस्कोने १९७९ साली घानाच्या किनाऱ्यावरील किल्ल्यांचा जो समूह जागतिक वारसा म्हणून नोंदवला, त्यातही दोघे आहेत. त्यामुळे एकाचे छायाचित्र दुसऱ्याच्या नावाने फिरते आणि वेळ अपुरा पडला की ‘दोन्ही सारखेच’ म्हणून सहलीतून एक गाळला जातो. हे गाळणे मला अयोग्य वाटते, कारण यांपैकी एक किल्ला सोन्यासाठी बांधला गेला आणि पुढे माणसांचा तुरुंग झाला, तर दुसऱ्यात इंग्रजांनी माणसे कोंडण्यासाठीच तळघरे तयार केली.

एल्मिना दोघांतला जुना. दियोगो द अझांबुजा या पोर्तुगीज सरदाराने घडवलेले दगड आणि लाकूड जहाजांतून आणून १४८२ साली तो उभारला. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या १६ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. वसई पोर्तुगीजांकडे जायला तर तेव्हा ५२ वर्षे अवकाश होता. स्थानिक प्रमुखाला हे बांधकाम मनापासून नको होते. सतत शेजारी राहण्यापेक्षा अधूनमधून भेटणाऱ्यांचीच मैत्री टिकते, अशा अर्थाचे त्याचे सावध उत्तर पोर्तुगीज बखरकारांनी नोंदवून ठेवले आहे. पोर्तुगीजांचे लक्ष येथे आतल्या प्रदेशातून येणाऱ्या सोन्यावर होते, इतके की त्या सोन्याच्या मोबदल्यात देण्यासाठी ते बेनिनकडील गुलाम येथे आणून येथल्या अकान समाजाच्या व्यापाऱ्यांना विकत. पुढे १६३७ साली डचांनी समोरच्या टेकडीवर तोफा चढवून किल्ला जिंकला. त्यांच्या काळात अटलांटिकपलीकडे गुलाम पाठवणे हाच येथला मुख्य व्यापार झाला आणि मालाच्या कोठारांतून माणसे कोंडली गेली. चौकाच्या मधोमध असलेल्या पोर्तुगीज चर्चचा वापर डचांनी इतर कामांसाठी केला आणि आपले प्रार्थनास्थळ वरच्या मजल्यावर थाटले. १८७२ साली किल्ला ब्रिटिशांकडे गेला. १८९६ मध्ये पकडलेला अशांती राजा पहिला प्रेम्पेह यालाही सिएरा लिओनला पाठवण्यापूर्वी येथे ठेवले होते.

केप कोस्टची सुरुवात स्वीडिश आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १६५३ साली स्वीडिश कंपनीने येथे कारोलुसबोर्ग नावाचे ठाणे उभारले. नंतरच्या दहा-बारा वर्षांत ते अनेक हातांतून गेले आणि १६६४ साली इंग्रजांनी घेतले. त्यानंतर इंग्रजांनी ते वाढवत नेले आणि राजधानी आक्र्याला हलेपर्यंत, म्हणजे १८७७ पर्यंत, गोल्ड कोस्टचा, म्हणजे आजच्या घानाच्या किनारपट्टीचा, ब्रिटिश कारभार येथूनच चालला. पुरुषांच्या कोठड्या कवायतीच्या मैदानाखाली आहेत, उजेड आणि हवा येते ती वरच्या लहान झरोक्यांतून. या कोठड्यांच्याच वर प्रार्थनागृह होते. इतक्या जवळून, रोज, ठरल्या वेळी प्रार्थना होत असताना खाली काय चालले आहे हे कोणाला कळत नव्हते असे म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच मार्गदर्शक त्या जागी प्रवाशांना थांबवतात. ब्रिटिश संसदेने १८०७ साली गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला. १९९८ साली जमैका व अमेरिकेतून दोन गुलामांचे अवशेष आणून याच समुद्री दारातून आत घेण्यात आले, आणि तेव्हापासून त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला ‘परतीचे दार’ म्हणतात.

ओळखायला खुणा सोप्या आहेत. भोवती खंदक, चौकात स्वतंत्र उभी असलेली चर्चची इमारत, शेजारी मासेमारीच्या होड्यांनी गजबजलेली बेन्या खाडी आणि मागे टेकडीवर दुसरा लहान किल्ला दिसला, तर ते एल्मिना. समुद्राकडे तोंड करून ओळीने मांडलेल्या तोफांचा मोकळा सज्जा आणि चौकात थडगी असतील, तर ते केप कोस्ट.

अनेक सहलींत दोन्ही किल्ले आणि उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेले काकुम राष्ट्रीय उद्यान एकाच दिवसात बसवलेले असतात. काकुमचा झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा सुमारे ३५० मीटर लांबीचा झुलता मार्ग सकाळी लवकर पाहावा. वनहत्ती या जंगलात असले तरी ते सहसा दिसत नाहीत, हत्तींसाठी उत्तरेतील मोले उद्यानच गाठावे लागते. त्याच दुपारी दोन किल्ले घाईने उरकले तर दोन्हींच्या कोठड्या मनात एकमेकींत मिसळून जातात आणि घोळ तेथेच सुरू होतो. काकुमसोबत एकच किल्ला घ्यावा, दुसऱ्यासाठी पुढची सकाळ ठेवावी आणि शक्य असल्यास एल्मिना आधी पाहावा. उत्तरेकडच्या कुमासी शहरातून खाली किनाऱ्याकडे येणाऱ्यांनी वाटेतले असिन मान्सो हे गाव चुकवू नये: किनाऱ्याकडे चालवत नेलेल्या कैद्यांना तेथील ओढ्यात शेवटची आंघोळ घातली जात असे, आणि १९९८ साली आणलेले ते दोघे आता तेथेच पुरलेले आहेत.