हात लागला नाही, तरी ‘हमला’ होतो

‘अंगाला हात लावला नाही, म्हणजे गुन्हा नाही’ हा समज वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. भारतीय न्याय संहितेचं कलम १३० मात्र स्पर्श मागतच नाही. समोरच्याला ‘आता हा माझ्यावर हात टाकणार’ असं वाटावं, अशा हेतूने किंवा तसं वाटेल हे ठाऊक असून केलेला हावभाव किंवा तयारी पुरते. उगारलेली मूठ पुरते. चावऱ्या कुत्र्याचं मुसकं सोडू लागणं हेही कायद्यातलंच उदाहरण, आणि मला तेच जास्त बोलकं वाटतं.

नुसते शब्द हमला ठरत नाहीत. पण काठी उचलून ‘तुला झोडपतो’ म्हटलं, की शब्द त्या कृतीला अर्थ देतात.

पडताळायचं तर कलमाखालचं स्पष्टीकरण वाचा. क्रमांक मात्र जपून बघा: जुन्या दंड संहितेत ३५१ म्हणजे हमला, नव्या संहितेत ३५१ म्हणजे धमकी.